छोट्या खोलीत कोंबडी पाळता येते का? दिव्यातल्या खुराड्यांचा प्रश्न समजून घेऊ

जानेवारी २०२५मध्ये ठाणे पूर्वेतल्या कोपरी भागात काही कोंबड्या दगावल्या. तपासणीत बर्ड फ्लूचं निदान झालं आणि आसपासची चिकनची दुकानं काही दिवस बंद ठेवावी लागली. कोपरी हा काही पोल्ट्री फार्मचा ग्रामीण पट्टा नाही. ठाणे स्टेशनला लागून असलेली ती दाट वस्ती आहे. त्यामुळे बर्ड फ्लू म्हणजे नवापूर किंवा शहापूरकडची बातमी, हा समज तिथे मोडला.

कोपरीपासून धीम्या लोकलने तीन स्टेशनं पुढे दिवा आहे. चाळी, चार-पाच मजली इमारती आणि मधूनच जुनी गावठाणं. इथे गॅलरीत, जिन्याखाली, मोरीच्या कोपऱ्यात किंवा थेट खोलीत एखाद-दुसरी कोंबडी पाळणारी घरं आहेत. कुणी ती हौसेने ठेवतं, कुणी अंड्यांसाठी, तर कुणी मुलांच्या हट्टापायी.

अशा घरात कोंबडी ठेवणं योग्य आहे का? कायद्याने चालतं का? त्यातून आजार पसरतो का? आणि कोंबडी अचानक मेली तर काय करायचं? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्याचंच उत्तर बहुतेक घरांना माहीत नसतं.

घरात कोंबडी येते कुठून?

एक वाट रंगीत पिल्लांची. स्टेशनबाहेर, आठवडी बाजारात किंवा जत्रेत गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं टोपलीत विकायला असतात. दहा-वीस रुपयांत मिळणारं हे खेळणं मुलांना हमखास आवडतं.

ही पिल्लं मुख्यतः अंडी उद्योगातून येतात. अंड्यांसाठी तयार केलेल्या जातीत पिल्लांचे नर-मादी पहिल्याच दिवशी वेगळे केले जातात. मादी पुढे अंडी देणार, म्हणून तिला किंमत असते. नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा झटपट वजनही धरत नाही, त्यामुळे हॅचरीच्या लेखी तो निरुपयोगी ठरतो. जगभर अशी नर पिल्लं जन्मतःच मारली जातात. जर्मनीने २०२२च्या सुरुवातीपासून या प्रथेवर बंदी घातली आणि फ्रान्सनेही त्याच वर्षअखेरपर्यंत ती थांबवण्याचं ठरवलं. आपल्याकडे त्यांपैकी काही पिल्लं रंगवून रस्त्यावर विकली जातात.

याचे दोन परिणाम होतात. पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. बुटाच्या खोक्यात ती मिळत नाही, म्हणून बरीच पिल्लं काही दिवसांतच मरतात. जी जगतात, त्यांतली बहुतेक नर असतात. म्हणजे ज्या घराने 'कोंबडीचं पिल्लू' आणलं, त्या घरात चार-पाच महिन्यांनी कोंबडा आरवू लागतो.

दुसरी वाट गावची. दिव्यात कोकणातून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर हा तर या नात्याचा पुरावाच. गावाहून येताना गावठी कोंबडी आणली जाते. कधी ती नवसाची असते, कधी रविवारच्या जेवणासाठी. दोन दिवसांत मुलं तिला नाव ठेवतात आणि मग ती कापायची कुणाची हिंमत होत नाही.

तिसरी वाट इथल्याच जुन्या घरांची. साबे, दातिवली, आगासन, बेतवडे या गावांतल्या आगरी-कोळी घरांत कोंबड्या पूर्वीपासून होत्या. तेव्हा घराला अंगण होतं, मागे परसू होतं, शेजारी भातखाचर होतं. आता त्याच जागेवर इमारत उभी आहे. अंगण गेलं, पण कोंबडी ठेवायची सवय राहिली.

कोंबडीला नेमकं लागतं काय?

गावाकडची कोंबडी जवळजवळ फुकटात अंडी देते, कारण तिचं पोट तीच भरते. किडे, गांडुळं, सांडलेले दाणे, उकिरड्यातलं खरकटं, गवताचे कोंब हे सगळं ती दिवसभर उकरून खाते. रात्री तिला डालग्याखाली झाकलं की काम संपलं. खोलीत आणलेल्या कोंबडीला हे काहीच मिळत नाही. ते सगळं माणसाला पुरवावं लागतं.

पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे महिन्याला तीन-साडेतीन किलो आणि वर्षाला जवळपास ४० किलो. अंड्यांसाठी तयार केलेली संकरित कोंबडी त्यातून वर्षाला ३००पर्यंत अंडी देऊ शकते. गावठी कोंबडी मात्र वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. मधल्या काळात ती खुडूक बसते, पिसं गाळते आणि अंडी थांबवते. विकतच्या खाद्यावर गावठी कोंबडी पाळून अंड्यांचा खर्च वाचेल, हा हिशेब खोलीत जुळत नाही.

दुसरा हिशेब शिटेचा. एक कोंबडी दिवसाला १०० ग्रॅमहून अधिक शिट टाकते. दोन कोंबड्या असतील तर महिन्याला सहा-सात किलो. शिट कोरडी राहिली तर वास बेताचा असतो. ती ओली झाली की तिच्यातून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात आणि माश्या येतात. पावसाळ्यात दिव्याच्या सखल भागात आधीच पाणी साचतं आणि भिंतींना ओल धरते. तिथे खाली अंथरलेला भुसा किंवा भाताचं तूस कोरडं ठेवणं हे रोजचंच काम होऊन बसतं.

तिसरी गोष्ट उष्णतेची. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकत ती अंग थंड करते. पारा पस्तीशीच्या पुढे गेला की तिला त्रास सुरू होतो. वर पत्रा असलेल्या खोलीत एप्रिल-मेच्या दुपारी काय होत असेल, हे तिथे राहणाऱ्या माणसांना सांगायला नको.

चौथी गोष्ट झोपेची. दिवेलागणीला कोंबडी उंच जागा शोधून झोपते. एका खोलीच्या घरात अकरापर्यंत दिवा आणि टीव्ही चालू असतो. शिवाय कोंबडी कळपात राहणारा पक्षी आहे. एकटी कोंबडी बावरते. दिवसभर उकरायला आणि मातीत लोळून पिसं साफ करायला मिळालं नाही तर ती स्वतःची किंवा सोबतणीची पिसं उपटू लागते.

म्हणजे कोंबडी छोट्या जागेत जगू शकते, पण ती जागा कोरडी, हवेशीर आणि माणसांच्या झोपण्या-जेवण्याच्या जागेपासून वेगळी हवी. मोकळी गॅलरी किंवा बंदिस्त गच्ची असेल तर दोन कोंबड्यांचं जमू शकतं. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप, अभ्यास आणि खुराडं असेल, तर माणसांचे आणि कोंबडीचे दोघांचेही हाल होतात.

कोंबडा झाकला तर आरवायचा थांबतो का?

नाही. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. विज्ञान त्यात एक भर घालतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवून दिलं की, कोंबडा उजेड पाहून आरवतो असं नाही. सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही ठरलेल्या वेळीच आरवत होते. त्यांच्या शरीरात स्वतःचं घड्याळ असतं आणि ते पहाट होण्याच्या बरंच आधी वाजतं. म्हणून खुराड्यावर पोतं टाकून हा प्रश्न सुटत नाही.

चाळीत दोन घरांमध्ये एकच भिंत असते. पहाटे चारला कोंबडा आरवला की रात्रपाळी करून आलेल्या किंवा पहाटेची लोकल पकडायची असलेल्या शेजाऱ्याची झोप मोडते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कोंबड्याची बांग जवळून मोजली तर याच्या कितीतरी वर जाते. हे नियम प्रामुख्याने ध्वनिक्षेपक, फटाके, हॉर्न यांच्यासाठी केलेले असले, तरी शेजाऱ्याची तक्रार खोटी ठरत नाही.

असे वाद पोलिसांपर्यंत आणि सरकारी कार्यालयांपर्यंत गेलेले आहेत. पुण्यात २०१९मध्ये पहाटेच्या आरवण्याने झोपमोड होते, असा तक्रार अर्ज पोलिसांकडे आला होता. केरळच्या पथनमथिट्टा जिल्ह्यात फेब्रुवारी २०२५मध्ये महसूल अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, जागा पाहिली आणि घराच्या वरच्या मजल्यावरचं खुराडं १४ दिवसांत दुसरीकडे हलवायला सांगितलं. फ्रान्समध्ये मात्र 'मॉरिस' नावाच्या कोंबड्याच्या खटल्यात २०१९मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने कौल दिला. ती जागा ग्रामीण बेटावरची होती आणि पुढे फ्रान्सने गावाकडच्या आवाजांना नि वासांना संरक्षण देणारा कायदाही केला.

या प्रकरणांतून एवढं दिसतं की, कोंबडा तोच असला तरी जागेप्रमाणे न्याय बदलतो. दिवा आता कागदावर आणि प्रत्यक्षातही शहर आहे. त्यामुळे घरात कोंबडा नको, फार तर कोंबडी, हा नियम कुणी न सांगताही पाळण्यासारखा आहे. कोंबडी अंडं घातल्यावर कलकलाट करते, पण तो दिवसा असतो.

कायदा काय म्हणतो?

घरात एक-दोन कोंबड्या हौसेने पाळणं हा सरसकट गुन्हा नाही. पण त्याभोवती अनेक कायदे आहेत.

पहिला कायदा उपद्रवाचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७०मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. संसर्ग पसरेल असा निष्काळजीपणा केला, तर कलम २७१ लागू शकतं. दुर्गंधी आणि अस्वच्छतेवर महापालिका आपल्या अधिकारात कारवाई करू शकते. कोंबड्यांचा धंदा, म्हणजे विक्री किंवा कत्तल करायची असेल, तर परवान्याचा प्रश्न येतो.

दुसरा कायदा प्राण्याच्या बाजूचा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं आणि त्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हे गुन्हे आहेत. कोंबड्यांची झुंज लावणंही बेकायदा आहे.

तिसरा कायदा सगळ्यात कमी माहीत असलेला. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २००९. यादीतल्या रोगाची शंका आली तर ती कळवणं ही प्राण्याच्या मालकाची जबाबदारी आहे, असं तो सांगतो. बर्ड फ्लू त्या यादीत आहे. हा कायदा एक कोंबडी आणि एक लाख कोंबड्या असा भेद करत नाही.

सोसायटीने 'पाळीव प्राणी नकोत' असा ठराव केला तर? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांचा यावर नेहमी दाखला दिला जातो. त्या सूचना कुत्र्यांसाठी आहेत. कोंबडीसाठी त्यांचा आधार घेणं कठीण आहे. दिव्यात आणखी एक अडचण आहे. इथल्या अनेक इमारती अनधिकृत आहेत. तिथे नोंदणीकृत सोसायटी नाही, उपविधी नाहीत आणि तक्रार ऐकणारी समितीही नाही. वाद झाला की तो थेट जिन्यावर, चाळमालकाकडे किंवा पोलीस चौकीत जातो.

सरकारी कागदांत कोंबडी प्रामुख्याने दोनच रूपांत दिसते, एक मांस म्हणून आणि दुसरी रोगाचा धोका म्हणून. शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्ट २०२५ला चिकन-मटणाची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश १९८८च्या ठरावाच्या आधारे काढला आणि त्यावर राज्यभर वाद पेटला. तेव्हाही चर्चा कोंबडी कापण्याची आणि खाण्याचीच होती. पाळलेल्या कोंबडीसाठी मात्र कुत्र्याच्या परवान्यासारखी रुळलेली वाट नाही. त्यामुळे पाळणाऱ्याला वाटतं की आपण काहीतरी चोरून करतोय. खऱ्या धोक्याची सुरुवात इथे होते.

बर्ड फ्लूचा धोका किती खरा आहे?

महाराष्ट्राचं या रोगाशी जुनं नातं आहे. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. त्यानंतर महिनाभरात तो जळगाव जिल्ह्यातल्या गावांतल्या परसातल्या कोंबड्यांमध्ये सापडला. जानेवारी २०२१मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या आणि त्याच सुमाराला ठाण्यात घोडबंदर रोड परिसरात मेलेल्या बगळ्यांमध्ये हाच विषाणू निघाला. फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत पोल्ट्री फार्मवर लागण झाली आणि परिसरातले सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय झाला. त्यानंतर २०२५मध्ये कोपरी.

बगळ्यांचा उल्लेख महत्त्वाचा आहे. या विषाणूचा मूळ साठा पाणपक्ष्यांमध्ये असतो. दिव्याच्या एका अंगाला उल्हास नदीची खाडी आणि खारफुटी आहे. पारसिकच्या डोंगरापलीकडे ठाणे खाडी आहे. तिथे दरवर्षी फ्लेमिंगो आणि इतर स्थलांतरित पक्षी येतात आणि २०२२मध्ये तिला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. दिव्याचं डम्पिंग ग्राउंड २०२३मध्ये बंद झालं असलं, तरी वस्तीतल्या कचऱ्यावर कावळे आणि गायबगळे असतातच. उघड्या गॅलरीत ठेवलेल्या खाद्याच्या भांड्यात कावळ्याने चोच घातली, की रानपक्षी आणि घरची कोंबडी यांच्यातलं अंतर संपलं.

माणसाला लागण होणं दुर्मीळ आहे. पण झाली तर ती गंभीर ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार २००३पासून जगभरात एच५एन१ची ९००हून अधिक माणसांना लागण झाली आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा मृत्यू झाला. भारतात २०२१मध्ये हरियाणातल्या एका मुलाचा दिल्लीच्या एम्समध्ये आणि २०२५मध्ये आंध्र प्रदेशातल्या दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. माणसाकडून माणसाकडे हा विषाणू सहज पसरत नाही. नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी यांतूनही त्याची लागण होत नाही, कारण ७० अंशांच्या वर तो टिकत नाही. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात, त्याच्या शिटेच्या धुळीत आणि तो घरी कापण्यात.

मांजरांनाही हा विषाणू लागतो. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात डिसेंबर २०२४च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने मेले. २०२५च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये तो सापडला. चाळीतल्या मांजराने कचऱ्यातली मेलेली कोंबडी खाल्ली तर काय होऊ शकतं, हे यावरून समजेल.

रोजच्या जगण्यातला धोका मात्र बर्ड फ्लूपेक्षा साध्या जंतूंचा जास्त असतो. कोंबडी निरोगी दिसत असली तरी तिच्या पोटात साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेत २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात घरी कोंबड्या पाळण्याची लाट आली. त्या वर्षी घरच्या कोंबड्यांमुळे साल्मोनेलाची लागण झालेल्यांची नोंद १,७००हून अधिक होती. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला स्पष्ट आहे. कोंबड्या घरात, विशेषतः स्वयंपाकघरात आणू नका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्या हाताळू देऊ नका. घरात दमेकरी असेल तर पिसांची आणि वाळलेल्या शिटेची धूळ वेगळा त्रास देते.

कोंबडी मेली की लोक लपवतात का?

समजा, दिव्यातल्या एका खोलीत पाळलेल्या तीन कोंबड्यांपैकी दोन एका रात्रीत मेल्या. कारण उष्माघात असेल, मानमोडी म्हणजे राणीखेत असेल किंवा बर्ड फ्लू असेल. बाहेरून पाहून ते सांगता येत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो आणि बर्ड फ्लूचं अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं.

पण नमुना तिथपर्यंत जाण्यासाठी आधी कुणीतरी कळवायला हवं. त्या घराने का कळवावं? चाळमालकाला कळलं तर खोली सोडायला लावेल. शेजारी बोट दाखवतील. अधिकारी आले तर उरलेली कोंबडी नेतील. रोग निश्चित झाला तर एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या, घरगुती धरून, नष्ट केल्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. दिवा पूर्वेत एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात स्टेशन, बाजार, शाळा, चिकनची दुकानं आणि दाटीने उभ्या असलेल्या चाळी येतात. 'आपल्यामुळे सगळ्यांचा धंदा बुडाला' हा ठपका कुणाला हवा असेल?

भरपाईची व्यवस्था आहे. महाराष्ट्रात २०२१च्या साथीत आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या पक्ष्याला ९० रुपये आणि सहा आठवड्यांवरच्या मांसल पक्ष्याला ७० रुपये असा दर होता. मात्र भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी, आधीच मेलेल्यांसाठी नाही. फार्ममालकाच्या दृष्टीने यात लवकर कळवण्याचं कारण आहे. दोन कोंबड्या पाळणाऱ्या घराला ९० रुपयांनी काही फरक पडत नाही आणि मुलांनी नाव ठेवलेल्या कोंबडीची किंमत तर अशी काढताच येत नाही.

म्हणून सगळ्यात सोपा मार्ग निवडला जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचं आणि अंधार पडला की नाल्यात, खाडीत किंवा कचऱ्याच्या ढिगावर टाकायचं. हे एकट्या दिव्यात होतं असं नाही. पश्चिम बंगालमध्ये २००८च्या मोठ्या साथीत लोक कोंबड्या लपवत असल्याच्या बातम्या सातत्याने येत होत्या आणि त्यामुळे साथ आटोक्यात आणणं कठीण झालं होतं.

म्हणजे खोलीतली कोंबडी हा मोठा धोका नाही. ती लपवावी लागते, हा मोठा धोका आहे. फार्मवर शंभर पक्षी मेले तर ते दिसतं. शंभर घरांत एकेक पक्षी मेला तर ते कुणालाच दिसत नाही. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या आणि इतर कुक्कुट पक्षी होते आणि त्यांतले ३१ कोटींहून अधिक परसातले होते. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. एवढे पक्षी नजरेआड ठेवून कोणतीही रोगपाहणी पूर्ण होऊ शकत नाही.

इतर देशांनी काय केलं?

ब्रिटनमध्ये २०२१पासून बर्ड फ्लूच्या मोठ्या साथी आल्या. पूर्वी तिथे ५० किंवा त्याहून अधिक पक्षी असतील तरच नोंदणी सक्तीची होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४पासून एक कोंबडी असली तरी नोंदणी करावी लागते. पूर्णपणे घरातच पिंजऱ्यात राहणाऱ्या पोपटासारख्या पक्ष्यांना सूट आहे. नोंदणीला पैसे लागत नाहीत. आसपास रोग सापडला की नोंदणी असलेल्याला सूचना मिळते की, कोंबड्या आत घ्या, अमुक काळजी घ्या, मृत पक्षी दिसला तर इथे कळवा.

यात कोंबडी पाळणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून पाहिलेलं नाही. त्याला माहिती देणारा मानलं आहे. दिव्यासारख्या ठिकाणी संपूर्ण बंदी घातली तर कोंबड्या कमी होतील असं नाही, त्या फक्त आणखी आतल्या खोलीत जातील. त्यापेक्षा महापालिकेच्या प्रभाग समितीत नाव, पत्ता आणि पक्ष्यांची संख्या लिहून घेणारी एक साधी वही जास्त उपयोगाची ठरेल. सोबत कोंबडा नको आणि संख्या मर्यादित, अशा दोन-तीन अटी घालता येतील. मेलेला पक्षी घेऊन जाण्याची सोयही हवी. खेड्यात खड्डा खणून, चुना टाकून पुरता येतं. दिव्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने तो पुरायचा कुठे?

पाळायचीच असेल तर काय काळजी घ्यावी?

• रस्त्यावरचं रंगीत पिल्लू घेऊ नका. ते बहुधा नर असतं आणि त्याचं लसीकरण झालेलं असण्याची शक्यता कमी असते. ओळखीच्या ठिकाणाहून मोठी झालेली तलंग घ्या.

• एकटी कोंबडी ठेवू नका आणि दोन-तीनपेक्षा जास्तही नको. आधी शेजाऱ्यांशी बोला.

• खुराडं स्वयंपाकाच्या आणि झोपण्याच्या जागेपासून दूर, गॅलरीत असावं. त्याला बारीक जाळी हवी, म्हणजे कावळे, चिमण्या आणि उंदीर आत येणार नाहीत. खाद्य आणि पाणी जाळीच्या आतच ठेवा.

• खाली भुसा किंवा तूस अंथरा. ओला झालेला भाग रोज काढा. शिट नाल्यात न टाकता पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात द्या.

• खुराड्यासाठी वेगळी चप्पल आणि वेगळा झाडू ठेवा. झाडताना नाक-तोंड झाका. कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. मुलांना कोंबडीला तोंडाजवळ धरू देऊ नका.

• राणीखेत आणि देवीच्या लसीबद्दल पशुवैद्यकाला विचारा. माणसांची अँटिबायोटिक्स कोंबडीला देऊ नका.

• नवीन कोंबडी आणली तर दोन आठवडे वेगळी ठेवा.

• कोंबडी अचानक मेली, तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं किंवा एकापाठोपाठ पक्षी मरू लागले, तर उघड्या हाताने उचलू नका. ती कापू नका, खाऊ नका, उरलेली कुणाला देऊ किंवा विकू नका. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

• आजारी पक्षी हाताळल्यावर घरात कुणाला ताप, खोकला किंवा डोळे लाल होण्याचा त्रास झाला, तर डॉक्टरांना घरात कोंबडी असल्याचं आवर्जून सांगा. भाड्याच्या खोलीच्या भीतीने हीच गोष्ट लपवली जाते आणि योग्य तपासणीला उशीर होतो.

मग निष्कर्ष काय?

हवा आणि ऊन येणारी वेगळी जागा नसेल, घरात तान्हं मूल किंवा दमेकरी असेल, तर खोलीत कोंबडी न पाळणंच बरं. जागा असेल आणि रोज अर्धा तास साफसफाईची तयारी असेल, तर दोन कोंबड्या पाळण्यात गैर काही नाही. पण पाळणाऱ्याने ती उघडपणे पाळावी. प्रशासनानेही ती उघडपणे पाळता येईल अशी व्यवस्था करावी. पुढचा बर्ड फ्लू दिव्यात आलाच, तर तो किती लवकर कळतो हे पहिली मेलेली कोंबडी नाल्यात जाते की प्रयोगशाळेत, यावर ठरणार आहे.